रिव्हॉल्वरच्या आधी दारामागची बंदूक

पत्र थोडक्यात असं: राजापूर तालुक्यातले एक बागायतदार, वय ४४. वीस वर्षं मुंबईत नोकरी करून गावी परतले. हापूसची तीनेकशे कलमं, थोडी काजू. घरात आई-वडील, पत्नी आणि दहावीतला मुलगा. घर वाडीपासून सुटं, बागेच्या कडेला. गेल्या पावसाळ्यात बिबट्याने पडवीतून कुत्रा उचलून नेला. एप्रिलमध्ये गड्यांच्या पगाराची रोकड घेऊन तिन्हीसांजेला स्कूटरने येताना दोघांनी मोटरसायकलवरून बराच वेळ पाठ धरली. पुढे काही घडलं नाही, पण तेव्हापासून झोप उडाली आहे. ते लिहितात, "रिव्हॉल्वर घ्यायचं मनाने घेतलंय. कुठलं घ्यावं, रोज आणि डोंगरात जाताना जवळ कसं बाळगावं, आमच्या खाऱ्या हवेत ते टिकवावं कसं, एवढंच सांगा. वडिलांची शेतीसंरक्षणाची बंदूक दारामागे आहेच, पण ती घेऊन फिरता येत नाही. वडील ७३ वर्षांचे, हल्ली विसरतात. बायको नको म्हणते. तिला कसं पटवू?"

तुम्ही 'एवढंच सांगा' म्हटलंत. तेवढं सांगणारच आहे, काही हातचं राखणार नाही. पण तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा माझा जीव एकाच वाक्यावर अडकला. ते रिव्हॉल्वरचं वाक्य नव्हतं. 'दारामागे आहेच' हे ते वाक्य. त्याच्यापुढे लगेच, वडील हल्ली विसरतात. आणि घरात पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा. त्या बंदुकीकडे मी शेवटी येते, पण तुम्ही मात्र उठून आधी तिच्याकडे जा. हे उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल.

आता तुमच्या भीतीकडे. मला ती खोटी वाटत नाही. पाठीमागे गाडीचा दिवा लागून राहतो, रस्ता सुना असतो, डिकीत दोन लाख असतात, तेव्हा पोटात काय होतं ते मी समजू शकते. पण तुम्ही दोन वेगळ्या भीती एका पिशवीत घातल्यात, बिबट्याची आणि माणसाची. दोन्हींवर एकच औषध असेल असं तुम्ही धरून चाललायत.

बिबट्याचं आधी, कारण ते सोपं आहे. आपल्याकडे परवान्यावर सामान्य माणसाला मिळतं ते .३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल. ९ मिलिमीटर आणि .३८ ही प्रतिबंधित बोअर, ती विसरा. .३२ ची गोळी चार-पाच पावलांवर माणसापासून बचाव करण्यापुरती. बिबट्या, रानडुक्कर किंवा गवा यांच्यावर ती चालवलीत तर जनावर थांबणार नाही, जखमी होईल. आणि जखमी बिबट्या घराच्या आसपास असणं याच्याइतकं वाईट काही नाही, तुमच्यासाठी आणि दुसऱ्या दिवशी पातेरा, म्हणजे गळलेला पाला, गोळा करायला बागेत येणाऱ्या बायांसाठीही. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या, म्हणजे १९७२ च्या कायद्याच्या, पहिल्या अनुसूचीत आहे. खरोखर अंगावर आल्यावर जीव वाचवण्यासाठी केलेला प्रतिकार त्या कायद्याने गुन्हा ठरत नाही, पण 'दिसला म्हणून झाडली' हा गुन्हाच.

तो तुमच्या पडवीत आला कुत्र्यासाठी. कुत्रा, कोंबड्या, शेळ्या रात्री बंद दाराआड असल्या, पडवीबाहेरचा दिवा जळत राहिला, घराभोवतीची रानमोडी आणि झुडपं वीस-पंचवीस फूट साफ असली, मासळीची आतडी नि उष्टं खरकटं परसात टाकलं नाही, की त्याच्या फेऱ्या कमी होतात. राखणीला जाताना मोठी बॅटरी, हातात काठी, आणि तोंडाने बोलत राहणं. आपले म्हातारे उगाच खाकरत, गाणं म्हणत जात नव्हते. तरीही वारंवार दिसत असेल तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फोनमध्ये ठेवा. एक गोष्ट कळकळीने सांगते: डुकरासाठी तारेची फासकी लावू नका, गड्यांनाही लावू देऊ नका. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत बिबटे त्या फासकीत अडकतात, आणि पोटाला तार आवळलेलं ते जनावर सोडवायला जाणाऱ्यांच्या जिवावर बेततं.

माणसांची भीती अवघड आहे. तो प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे आणा. तुम्ही स्कूटर चालवताय, दोन्ही हात हँडलवर. अंगात रेनकोट किंवा जाकीट. ते दोघं आहेत, पहिली चाल त्यांची. एकाने गाडी आडवी घातली तर तुमचा पहिला हात ब्रेककडे जाणार. कमरेचं रिव्हॉल्वर निघेपर्यंत तुम्ही गाडीसकट चरात असाल, आणि मग ते हत्यार कोणाच्या हातात असेल हे मला सांगता येत नाही, तुम्हालाही सांगता येणार नाही. सराव असलेल्या पोलिसालासुद्धा तो क्षण जड जातो.

त्यापेक्षा ती रोकड का न्यावी लागते ते पाहूया. वाशीच्या व्यापाऱ्याचे पैसे तर बँकेतच येतात. रोख लागते ती गड्यांना, नेपाळी राखणदारांना, पेट्या भरणाऱ्या बायांना. त्यातल्या निम्म्यांची खाती उघडून दिलीत, उरलेल्यांना आठवड्याऐवजी दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं दिलंत, तर डिकीत दोन लाखांऐवजी वीस हजार राहतील. पैसे काढायचा वार आणि वेळ बदलती ठेवा, सकाळी अकराला आणा, बरोबर कोणी असू द्या. ज्या दिवशी पाठलाग झाला त्या दिवशी तुम्ही पैसे काढणार हे कोणाला ठाऊक होतं, याचाही शांतपणे विचार करा. ११२ ला फोन केला होतात का, पोलीस पाटलांच्या कानावर घातलंत का, ते पत्रात नाही. नसेल तर आजही ठाण्यात जाऊन सांगा. उद्या परवान्याचा अर्ज केलात तर तीच नोंद तुमच्या कामी येईल.

एवढं करूनही, घर सुटं आहे, वर्षातून दोन महिने पैसा हाताळावाच लागतो, म्हणून परवाना हवा असं ठरलं, तर मी तुम्हाला चूक म्हणणार नाही. कायदा तुमच्यासारख्याची खरी गरज मान्य करतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, नमुना ए-१ मध्ये. पोलीस चौकशी होते, पोलीस पाटलांपासून शेजाऱ्यांपर्यंत विचारतात. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार शारीरिक-मानसिक आरोग्याचा दाखला लागतो, हत्यार सुरक्षित ठेवण्याची सोय दाखवावी लागते, आणि हाताळणीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. प्रशिक्षणाचा कागद नुसता मिळवू नका, खरोखर शिका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. तो कुठल्या क्षेत्रापुरता आहे, काडतुसं किती, हे परवान्यावर लिहिलेलं असतं. ते एकदा सोडून दोनदा वाचा. आणि कोणी 'परवाना-बिरवाना कशाला, गावठी मिळतं' म्हणाला, तर त्या माणसालाच दूर ठेवा. विनापरवाना बंदुकीला किमान दोन वर्षं शिक्षा आहे, आणि गावठी कट्टा पुढे फुटण्याआधी हातातच फुटू शकतो.

आता निवड. तुमच्या हवेत, तुमच्याइतक्या सरावात, मी पिस्तुलापेक्षा रिव्हॉल्वर म्हणेन. कारण असं: रिव्हॉल्वरचं सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसतात तो फिरता भाग, उघडलं की भरलंय की रिकामं ते डोळ्यांना दिसतं. पिस्तुलाचं मॅगझिन काढलं की माणसाला वाटतं झालं रिकामं, आणि एक गोळी नळीच्या मागच्या टोकाला बसलेली असते. घरातले कितीतरी अपघात याच एका समजुतीने झालेत. शिवाय एखादं काडतूस फुसकं निघालं तर रिव्हॉल्वरचा चाप पुन्हा ओढला की पुढचं येतं, पिस्तुलात ते हाताने काढून टाकावं लागतं. दोघांचं बोअर .३२ म्हटलं तरी काडतुसं वेगळी, एकाची दुसऱ्यात चालत नाहीत. दुकानातून आणताना हे बघून घ्या.

कानपूरच्या सरकारी कारखान्याचं 'निर्भीक' २०१४ मध्ये निघालं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचं. जुनी पोलादी त्याहून जड असतात. हलकं नेहमीच बरं असं मात्र नाही. हलक्याचा धक्का हाताला जास्त बसतो. शक्य असेल तर दोन्ही हातात धरून, परवानगीच्या रेंजवर चालवून मग ठरवा. जुनं विकत घेणार असाल तर जाणत्या बंदूक दुरुस्तीवाल्याला दाखवा. कित्येक जुन्या बनावटींत घोड्याला, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या हातोडीला, अडवणारी आतली पट्टी नसते, आणि हत्यार दगडावर पडलं तर उडू शकतं. तशा रिव्हॉल्वरमध्ये सिलिंडरमधलं घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं, सहापैकी पाचच भरायची.

बाळगायचं म्हणजे कुठे? तुम्ही बागेत अर्ध्या चड्डीत नाहीतर लुंगीत असता, कमरेला आधीच आकडी, तिच्यात कोयती. कलमावर चढायचं, फांद्या छाटायच्या, घामाने पाठ निथळतेय. अशा अंगावर रिव्हॉल्वर रोज बारा तास राहणार नाही. मग ते कुठेतरी ठेवलं जाईल, मांगरात, स्कूटरच्या डिकीत, दुपारी झोपताना उशीखाली. हत्यार बेवारशी होतं ते असंच. म्हणून नियम एवढाच धरा: एकतर ते अंगावर, नाहीतर कुलपात. तिसरी जागा नाही. अंगावर असेल तेव्हा घट्ट पट्ट्याला, चाप पूर्ण झाकेल आणि वरून बंद लागेल अशा होल्स्टरमध्ये. खिशात किल्ल्या-मोबाइलबरोबर नाही. सार्वजनिक जागी ते झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात असलं पाहिजे, असं नियमच सांगतात. एसटी स्टँडवर, जत्रेत, सड्यावरच्या क्रिकेटला सदरा वर करून दाखवण्याची ती वस्तू नाही. लग्नात नाहीतर शिमग्यात हवेत बार काढून कोणाच्या जिवाला धोका केलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि घोटभर जरी प्यायची असेल त्या दिवशी ते कुलपातच.

डोंगरात जाताना मी तरी नेणार नाही. तिथे आपल्याला मारतं ते फुरसं आणि घोणस. त्याला बूट, बॅटरी आणि वेळेत गाठलेला दवाखाना लागतो.

कायद्याची एक रेघ नीट लक्षात ठेवा. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तिच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा अधिकार आहे. पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा अधिकार त्यात नाही. तुमच्या अंगावर कोयता घेऊन आलेल्याची गोष्ट वेगळी, आणि पेटी उचलून पळत सुटलेल्या चोराच्या पाठीत गोळी घालण्याची वेगळी. आंब्याच्या चोरीसाठी कोणाचा जीव घेऊन तुम्ही त्या घरात पुन्हा सुखाने झोपाल, असं मला वाटत नाही.

आता खारी हवा. इथे मी माझ्या थोरल्या मामांची गोष्ट सांगते. त्यांचं घर देवगडच्या खाडीपासून हाकेच्या अंतरावर. त्यांच्याकडे परवान्याचं रिव्हॉल्वर होतं, कातडी पाकिटात घालून कपाटात ठेवलेलं. त्या वर्षी त्यांनी ते मृगाला ठेवलं आणि गणपती गेल्यावर बाहेर काढलं. मी शेजारी उभी होते. पाकीट पांढऱ्या बुरशीने मऊ झालं होतं. रिव्हॉल्वर ओढलं तर कातडं सोडेना. सिलिंडर अंगठ्याने ढकललं, हललं नाही. मुठीच्या बाजूला मामांच्या बोटांच्या ठशांवर तांबडा गंज चढला होता, ठसे मोजता येत होते. काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांवर, कळकलेल्या भांड्यासारखं, हिरवं जंगाल. "ह्याका झाला काय?" एवढंच मामा म्हणाले. तीन महिने ते त्याच्या भरवशावर झोपत होते.

तर पहिलं हे की कातड्यात साठवायचं नाही. कातडं ओल धरतं, आणि कमावताना वापरलेली द्रव्यं पितळ-पोलाद खातात. होल्स्टर वागवण्यासाठी, साठवण कोरड्या सुती कापडात, लोखंडी तिजोरीत. तिजोरी जांभ्या चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला ठोकू नका, ती भिंत पावसाळाभर पाझरते. आतल्या भिंतीला, जमिनीपासून वर. आत सिलिका जेलची पुडी, रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर सुकवून परत ठेवायची. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला उघडून बघायचं, एरवी महिन्याला. हात लावला की पुसायचं, कारण घामातलं मीठ समुद्राच्या मिठाइतकंच वाईट.

साफ करताना आधी रिकामं करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा, परत येऊन सगळी घरं पुन्हा बघा. बघून झाल्यावरही बोट घालून चाचपा. मग नळीत आणि सिलिंडरच्या प्रत्येक घरात पितळी ब्रश, मागोमाग कोरडी चिंधी, शेवटी बंदुकीच्या पातळ तेलाचा हात. हात म्हणजे पुसट थर. तेल निथळत ठेवलंत तर ते काडतुसाच्या बुडातल्या टोपीत शिरतं आणि ऐनवेळी बार फुसका जातो. खोबरेल अजिबात नको. आपल्याकडे बिजागरीपासून केसांपर्यंत सगळ्याला खोबरेल, पण ते थंडीत थिजतं आणि पुढे चिकट होऊन बसतं. जंगाल चढलेली काडतुसं घासून वापरू नका, ज्या दुकानातून घेतली त्या परवानाधारकाला दाखवा.

वहिनींना कसं पटवू, असं तुम्ही विचारता. मी विचारते, त्या नको का म्हणतात ते त्यांना कधी पूर्ण बोलू दिलंत का? माझा अंदाज, त्या चोराला घाबरत नाहीत. त्या दहावीच्या निकालाच्या दिवसाला घाबरत असतील. सासऱ्यांना रात्री दोनला परसात कोणीतरी आल्यासारखं वाटतं त्याला घाबरत असतील. तुमच्याच एखाद्या संतापाला किंवा पडत्या भावाच्या वर्षातल्या निराशेला घाबरत असतील. घरात बंदूक असली की वाईट क्षण आणि त्याचा परिणाम यांच्यामधलं अंतर चाप ओढण्याइतकं उरतं. हे म्हणणाऱ्या माणसाला पटवायचं नसतं. रिव्हॉल्वर आणायचंच झालं तर तिजोरीची व्यवस्था वहिनींच्या मनाजोगी झाल्यावर आणा, त्याआधी नको.

आता दारामागची बंदूक. आज संध्याकाळी मुलगा शिकवणीला गेल्यावर वडिलांना शेजारी बसवून ती उघडून बघा. बार भरलेला असेल तर काढा, आणि बंदूक नि काडतुसं कुलपात ठेवा. मग परवाना शोधा. मुदत संपली आहे का? राष्ट्रीय नोंदीतला युआयएन क्रमांक त्यावर आहे का? शेतीसंरक्षणाचा परवाना वडिलांच्या नावाचा आणि त्यात लिहिलेल्या जमिनीपुरता असतो. परवान्यात तुमचं नाव नसताना तुम्ही ती घेऊन बागेत गेलात तरी चूक, मित्रांबरोबर डुकराच्या शिकारीला नेलीत तर मोठा गुन्हा. शिकारीत हलणाऱ्या झुडपाला डुक्कर समजून आपल्याच सोबत्याला गोळी लागल्याच्या बातम्या तुम्हीही वाचता. डुक्कर खरंच पीक खात असेल तर पंचनामा करून भरपाई मागा, आणि मारायचं असेल तर आधी वनखात्याची लेखी परवानगी.

परवानाधारकाचं वय सत्तर झालं, किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, तर ते हयातीतच वारसाच्या नावावर करता येतं, अशी तरतूद २०१६ च्या नियमांत आहे. वडील ७३ चे आहेत. त्यांच्या हातातून बंदूक काढून घेतली असं त्यांना वाटू देऊ नका. वर्षानुवर्षं राखण केलेला माणूस आहे तो. "बाबा, आता माझ्या नावावर करूया, मला शिकवा," असं म्हणा. अर्ज मंजूर होईपर्यंत ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते, पावती मिळते. आचारसंहितेत बंदूक जमा करायला तुमचे वडील ठाण्यात जात असतीलच, तोच रस्ता.

ही बंदूक तुमच्या नावावर आली की दोनांपैकी एक जागा भरली. रिव्हॉल्वरचं त्यानंतर, एक पावसाळा जाऊ द्या आणि मग ठरवा.

आणि ज्यांच्या घरी वडील किंवा नवरा गेल्यावर त्यांची बंदूक तशीच माळ्यावर पडून आहे, अशांनाही हेच सांगायचंय, त्यांत बऱ्याच बाया आहेत. मालक गेला की त्याचा परवाना तुम्हाला लागू होत नाही. घाबरून विहिरीत टाकू नका, भंगारवाल्याला देऊ नका, भाच्याला 'घेऊन जा' म्हणू नका. हात न लावता आधी ठाण्यात कळवा, मृत्यूचा दाखला आणि जुना परवाना दाखवा, ती त्यांच्या हाती जमा करा आणि पावती जपून ठेवा. नावावर करून घ्यायची की नाही, ते मग सवडीने ठरवता येतं.